ऊसबिल आलं की घेऊ: नवा मोबाइल आणि थांबण्याचा इतिहास

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका मोबाइलच्या दुकानात परवा आतेभावासोबत तासभर गेला. कागल तालुक्यातला गडी. दोन एकर ऊस, तीन म्हशी आणि खिशात पाच वर्षं वापरलेला फोन. काचेला वरच्या कोपऱ्यातून भेग गेलेली, कव्हर पिवळं पडलेलं, आणि सकाळी शंभर टक्के चार्ज करून निघालं की दुपारच्या जेवणापर्यंत पंचवीस. काउंटरमागच्या पोरानं तीन डबे काढून मांडले, किमती सांगितल्या आणि शेवटी स्वतःच म्हणाला, "मामा, गडबड नसंल तर थांबा की. दोन महिन्यांत नवं मॉडेल येतंय, हे उतरंल."

"मग ऊसबिल आलं की येतो," म्हणजे कारखान्याकडून उसाचे पैसे आले की, असं सांगून आतेभाऊ पायरी उतरला.

विकणाराच गिऱ्हाइकाला थांबायला सांगतो, हे आता कुणाला खटकतही नाही. पण ही 'थांबा की' फार जुनी नाही. आधीच्या पिढीला थांबू की घेऊ असा प्रश्नच नव्हता, थांबावंच लागायचं. स्कूटरला नंबर, गॅसला नंबर, फोनला नंबर. आमच्या घरी फोनसाठी नंबर लावला तेव्हा थोरल्या बहिणीचं लग्न ठरत होतं. फोन वाजला तेव्हा तिचा मुलगा रांगत होता. आणि आलेला काळा डबा कुठल्या मॉडेलचा, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

मोबाइलचा पहिला कॉल भारतात ३१ जुलै १९९५ ला झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. महाराष्ट्र सर्कलमध्ये बीपीएल आणि बिर्ला एटी अँड टी या कंपन्या आल्या. कोल्हापुरात फोन दिसायचा तो गुजरीतल्या सराफाच्या नाहीतर साखरसम्राटाच्या हातात. सीमाभागाला तर आणखी एक भानगड होती. कागल सोडून कोगनोळी नाका ओलांडला की कर्नाटक, म्हणजे रोमिंग, म्हणजे जादा दर. निपाणीला सोयरीक असलेली माणसं नाक्याच्या अलीकडे गाडी थांबवून फोन उरकून घ्यायची. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मग फोन खऱ्या अर्थानं गल्लीत उतरला. त्याच वर्षी रिलायन्सनं 'मान्सून हंगामा' काढला, ५०१ रुपये भरा आणि फोन घेऊन जा. फोनवर नाव होतं कंपनीचं, पण लोक घेत होते ते नेटवर्क. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा पुन्हा येते.

२००३ सालचाच दुसरा फोन म्हणजे नोकिया ११००. जगात पंचवीस कोटींच्या वर खपला. त्याची स्तुती करताना सगळे त्याचा दणकटपणा सांगतात. आमच्याकडं मात्र त्याचं नाव झालं ते डोक्यावरच्या बॅटरीमुळं. बॅटरी म्हणजे टॉर्च. शेतीची लाइट रात्रपाळीची असायची. अकरा वाजता मोटर सुरू करायची आणि उसाला पाणी पाजत बांधावर फिरायचं. एका हातात खोरं, दुसऱ्या हातात टॉर्च, मग पाणी वळवायचं कशानं? ११०० वरच्या खिशात उभा ठेवला की उजेड पुढं पडायचा आणि दोन्ही हात मोकळे राहायचे. बटणांवर एकसंध रबरी आवरण होतं, त्यात माती शिरायची नाही. आतेभावाच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या मामांनी, तो सात वर्षं वापरला. या सात वर्षांत नोकियाची किती मॉडेलं येऊन गेली असतील! मामांना त्याचं काहीच नव्हतं. फोनपेक्षा चांगला फोन येणार आहे म्हणून थांबावं, ही कल्पनाच त्यांच्यापर्यंत पोचली नव्हती.

त्या फोनच्या पोटात बीएल-५सी नावाची बॅटरी असे. नखानं मागचं झाकण सरकवलं की हातात यायची. ऑगस्ट २००७ मध्ये यातल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याच्या दोषामुळं नोकियानं बदलून द्यायचं जाहीर केलं. तेव्हा घरोघरी लोकांनी बॅटरी उलटी करून त्यावरचा २६ अक्षरी नंबर तपासला. वाडग्यात काढून ठेवलेल्या बॅटऱ्याही पाहिल्यात मी. पण त्यातही एक गंमत होती: बॅटरीत खोट निघाली तर बॅटरी बदलायची, फोन नाही. कोल्हापुरातल्या कारखान्यांच्या वस्तीत, शिवाजी उद्यमनगरात ज्यांचं आयुष्य गेलं त्यांना यात काही नवल नव्हतं. विहिरीवरचं ऑइल इंजिन धूर सोडायला लागलं की बोअरिंग करायचं, पिस्टन-रिंगा टाकायच्या आणि पुन्हा पंधरा वर्षं बघायचं नाही, अशी या शहराची रीत.

मधल्या काळात भारनियमन होतं. बारा-बारा तास लाइट नसायची. २००८ मध्ये मायक्रोमॅक्सनं एक्स१आय आणला, एका चार्जवर तीस दिवस स्टँडबाय सांगणारा. ट्रकच्या बॅटरीवर चालणारा एक पीसीओ पाहून ही कल्पना सुचल्याचं कंपनीचे एक संस्थापक राहुल शर्मा सांगतात. हा आणि दोन सिमचे फोन खेड्यात गेले, कारण गरज समोर दिसत होती.

त्याच वर्षी २२ ऑगस्टला आयफोन ३जी भारतात आला, आठ जीबीचा, ३१,००० रुपयांना. इथून पुढची कथा वेगळी आहे. फोन दरवर्षी, आणि ठरल्या महिन्यात बदलायला लागला.

वर्षाला नवं मॉडेल ही युक्ती मोबाइलवाल्यांनी काढलेली नाही. जनरल मोटर्सचे आल्फ्रेड स्लोन यांनी १९२० च्या दशकात मोटारींना ही सवय लावली. जुनी गाडी चालते आहे, पण ती जुनी दिसली पाहिजे, एवढाच हिशेब. मोबाइलला मात्र दिसण्यापलीकडचं कारण होतं. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये मांडलेला आणि १९७५ मध्ये सुधारलेला अंदाज असा की, चिपवर बसणाऱ्या ट्रान्झिस्टरची संख्या साधारण दोन वर्षांनी दुप्पट होईल. तो बराच काळ खरा ठरत गेला. म्हणून २००९ ते २०१५ या काळात थांबणाऱ्याला खरोखर काहीतरी मिळायचं. वर्ष-दोन वर्षं कळ काढली की तेवढ्याच पैशात दुप्पट मेमरी आणि रात्री फोटो निघणारा कॅमेरा.

पण गिऱ्हाईक थांबायला शिकलं की कंपनीचं काय होतं, याची गोष्ट त्याही आधीची आहे. ॲडम ऑस्बोर्न नावाचा माणूस. जन्म बँकॉकचा, पण आईवडील रमण महर्षींचे भक्त, त्यामुळं बालपण गेलं तिरुवण्णामलैत. त्यानं १९८१ मध्ये सुटकेससारखा उचलून नेता येणारा संगणक काढला, ऑस्बोर्न १. किंमत १,७९५ डॉलर, वजन अकरा किलोच्या आसपास, आणि पडदा पाच इंची, म्हणजे आजच्या मोबाइलपेक्षा लहान. विक्री जोरात होती. १९८३ मध्ये, पुढची मॉडेलं तयार नसतानाच, त्यांचा गाजावाजा झाला. दुकानदारांनी चालू मॉडेलच्या ऑर्डरी रद्द केल्या, आणि सप्टेंबरमध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली. स्पर्धकांचे स्वस्त संगणक हेही मोठं कारण होतं, सगळा दोष एका घोषणेवर टाकणं बरोबर नाही. पण 'ऑस्बोर्न इफेक्ट' हे नाव व्यापारात कायमचं बसलं. शेवटी हा माणूस भारतातच परतला आणि २००३ मध्ये कोडैकनालला वारला. त्याच वर्षी मामांच्या वरच्या खिशातला तो फोन बाजारात आला होता.

आजच्या कंपन्यांनी ऑस्बोर्नचा धडा घेतलाय. नवं मॉडेल जाहीर होतं त्याच दिवशी जुन्याची किंमत उतरवायची. आयफोन १५ आला तेव्हा १४ हा ७९,९०० वरून ६९,९०० वर आला. १६ आला तेव्हा १५ चं तसंच, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये १७ आल्यावर १६ चंही तेच. म्हणजे थांबणारासुद्धा गिऱ्हाईकच, फक्त दुसऱ्या दाराचं. काउंटरवरच्या पोराची 'उतरंल' ही खात्री इथून येते.

२०१४ मध्ये थांबण्याचा पार तमाशा झाला. शाओमीचा मी ३ जुलैमध्ये १३,९९९ ला फ्लिपकार्टवर आला आणि पुढच्या सेलमध्ये काही सेकंदांत संपायला लागला. वर्षअखेरीस वनप्लस वन आला तो आमंत्रण असेल तरच. कॉलेजची पोरं दुपारी दोनला सायबर कॅफेत बोट माउसवर ठेवून बसायची. बापाच्या काळात गॅसला नंबर होता, पोरानं हौसेनं फोनला नंबर लावला.

तरीही माझं ठाम मत आहे की कोल्हापुरात फोन घाऊक बदलले ते मॉडेलमुळं नाही, नेटवर्कमुळं. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं. फोर-जी नसलेला धडधाकट फोन एका रात्रीत म्हातारा झाला. सिमसाठी बिंदू चौकापासून गावच्या एसटी स्टँडपर्यंत रांगा लागल्या. नोव्हेंबरमध्ये नोटाबंदी आली आणि फोन हेच पाकीट व्हायला सुरुवात झाली. त्या वर्षी 'थांबू का' असं विचारणारा मला तरी कुणी भेटला नाही. कोगनोळीच्या नाक्यावरचं रोमिंगही त्याच लाटेत गेलं.

उलट बाजूही आहे. २४ फेब्रुवारी २०२० ला रिअलमी एक्स५० प्रो हा फाइव्ह-जी फोन भारतात ३७,९९९ रुपयांपासून आला. तेव्हा स्पेक्ट्रमचा, म्हणजे त्या सेवेला लागणाऱ्या लहरींचा, लिलावही झाला नव्हता. तो झाला २०२२ च्या उन्हाळ्यानंतर, आणि सेवा सुरू झाली १ ऑक्टोबर २०२२ ला. त्या काळात माझ्या एका मित्रानं असाच 'भविष्याचा' फोन घेतला होता, दुसऱ्या कंपनीचा. नेटवर्क आलं तेव्हा त्याच्या फोनचे अपडेट संपत आले होते. न आलेल्या नेटवर्कची किंमत त्यानं आधीच भरून टाकलेली. आणि आलं तरी फोर-जी फोन चालतच राहिले, २०१६ सारखी पळापळ झाली नाही.

आमच्याकडं जुने दुकानदार सांगायचे, सोनं थांबलं की महाग, मोबाइल थांबला की स्वस्त. दुसरा भाग आता भरवशाचा राहिलेला नाही. १ एप्रिल २०२० ला मोबाइलवरचा जीएसटी १२ चा १८ टक्के झाला. लॉकडाऊनमध्ये अडकून थांबलेल्यांना दुकान उघडल्यावर महाग फोन मिळाला. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी घटला तेव्हा मोठे टीव्ही आणि एसी २८ वरून १८ वर आले. मोबाइलही उतरेल म्हणून नवरात्रापर्यंत थांबलेले आमच्या गल्लीत दोघं होते. तो होता तिथंच राहिला, १८ वर. त्यानंतर एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिपा ओढून घेतल्या आणि वर्षअखेरीस फोनच्या किमती वर सरकू लागल्या.

मग बदलायचं कशावरून ठरवायचं? दोन गोष्टींवर, बॅटरी आणि अपडेट. लिथियम-आयन बॅटरी साधारण पाचशे पूर्ण चार्जिंगनंतर ऐंशी टक्क्यांवर येते, हा जुना ठोकताळा. नवीन फोनांत हा आकडा हजार आणि त्याहूनही वर सांगतात. २०१७ च्या डिसेंबरात ॲपलनं कबूल केलं की बॅटरी थकलेल्या जुन्या आयफोनचा वेग ते सॉफ्टवेअरमधून कमी करत होते. फोन मध्येच बंद पडू नये म्हणून, असं त्यांचं म्हणणं. ओरड झाल्यावर भारतात बॅटरी बदलण्याचा दर ६,५०० वरून २,००० रुपयांवर आला. कित्येकांना तेव्हा कळलं की फोन म्हातारा झालेला नव्हता.

बॅटरी आत चिकटवून टाकण्याचं कारण कंपन्या पाण्याचं सांगतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. तेव्हा तांदळाच्या डब्यात फोन पुरून ठेवलेल्या कोल्हापूरकरांना हे पटेलही. पण २०१४ चा सॅमसंग एस५ पाण्यातही टिकायचा आणि त्याचं झाकणही नखानं निघायचं. पुढच्याच वर्षी एस६ आला, त्याचं निघेना.

अपडेटचं सुदैवानं सुधारलंय. पूर्वी अँड्रॉइड फोनला दोन-तीन वर्षं मिळाली तरी खूप. ऑक्टोबर २०२३ मध्ये गूगलनं पिक्सेल ८ ला आणि जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगनं एस२४ ला सात वर्षं कबूल केली. हे महागड्या फोनांचं झालं, दहा-बारा हजारांच्या फोनला अजून विचारूनच घ्यावं लागतं. आणि अपडेट संपले की ॲप हळूहळू दार लावतात. १ जानेवारी २०२५ पासून अँड्रॉइडच्या किटकॅट या जुन्या आवृत्तीवर व्हॉट्सॲप बंद झालं. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनच्या बॅटरीनं आठशे चार्जिंगनंतरही ऐंशी टक्के धरलं पाहिजे आणि सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत, असा नियम आहे. तिथला नियम इथं लागू नाही. पण फोन बनवणाऱ्या कंपन्या बहुतेक त्याच.

आतेभाऊ पायरी उतरला खरा, पण घरी गेला नाही. त्याच रांगेत पुढं, जिन्याखाली टेबल टाकून बसलेल्या दुरुस्तीवाल्यापुढं जाऊन उभा राहिला. त्यानं ड्रायरसारख्या यंत्रानं मागची बाजू गरम केली, पत्र्याच्या पातळ पट्टीनं कडेकडेनं उचकटली. बॅटरी मध्ये फुगून पुरीसारखी झाली होती. "वेळेत आलासा," एवढंच म्हणाला. नवी घालायला चाळीस मिनिटं लागली. सेटिंगमध्ये जाऊन अपडेटची तारीख बघितली, तर अजून वर्षभर होती.

"आता ऊसबिलाचं काय करणार?" मी विचारलं.

"म्हैस बघतोय चौथी," तो म्हणाला, आणि कागलच्या वडापच्या जीपला हात केला.