पारख (ख्रिस्ती निर्णयविचार)

पारख : निर्णय अडला असता श्रद्धेच्या मूलतत्त्वांपाशी परत जायचे आणि तिथून ईश्वराची इच्छा शोधायची, या ख्रिस्ती साधनेला पारख म्हणतात. शब्द पवित्र शास्त्रातलाच आहे. ‘सर्व गोष्टींची पारख करा; चांगले ते बळकट धरा’, असे प्रेषित पौल थेस्सलनीका शहरातल्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात म्हणतो (५:२१). मूलतत्त्वे मोजकी आहेत : ईश्वर निर्माता आणि पिता आहे, येशू ख्रिस्ताचे मरण व पुनरुत्थान यांतून माणसाला तारण मिळते, आणि ते कृपेने मिळते, कमाईने नाही, पवित्र आत्मा विश्वासणाऱ्यांमध्ये आजही कार्य करतो. आचरणाच्या बाजूने येशूने सगळे नियमशास्त्र (मोशेने दिलेले यहुदी धर्मनियम) दोन आज्ञांवर आणून ठेवले : देवावर पूर्ण मनाने प्रीती आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती (मत्तय २२:३७–४०).

नोकरी सोडावी का, थकलेल्या आईला कोणी सांभाळावे, याचे उत्तर या तत्त्वांत थेट सापडत नाही. त्यामुळे ती निर्णयाच्या वेळी कुचकामी आहेत असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती उत्तराआधी प्रश्नालाच हात घालतात, आणि पारखेचे खरे काम तिथेच सुरू होते.

याचे सर्वांत जुने मोठे उदाहरण यरुशलेमच्या सभेचे, सुमारे इ. स. ४९ मधले. यहुदी नसलेले लोक ख्रिस्ताकडे येऊ लागले होते. यहुदी रूढीप्रमाणे त्यांची सुंता करावी की नाही यावरून सिरियातल्या अंत्युखिया शहरात वाद पेटला. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात सभेचा वृत्तांत आहे. येशूचा शिष्य पेत्र रूढीच्या बाजूने किंवा विरुद्ध बोलत बसला नाही. आपले स्वतःचे तारण कशाने झाले, हा प्रश्न त्याने सभेपुढे ठेवला. ते प्रभू येशूच्या कृपेने झाले असेल, तर दुसऱ्याच्या मानेवर जू कशाला? पौल व त्याचा सहकारी बर्णबा यांनी यहुदी नसलेल्यांमधला अनुभव सांगितला, यरुशलेमच्या मंडळीतला पुढारी याकोब याने जुन्या करारातल्या संदेष्ट्यांच्या वचनाशी तो ताडून पाहिला, आणि सुंतेची सक्ती झाली नाही. निर्णय कळवणाऱ्या पत्रात ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले’ असे शब्द आहेत. त्यांतला ‘आम्हांला’ महत्त्वाचा आहे. ईश्वराचे नाव घेऊन माणसांनी आपली जबाबदारी झटकलेली नाही.

करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीचा पेच याहून घरगुती होता. मूर्तीला वाहिलेले मांस खावे का? मूर्ती काहीच नाही, तेव्हा खायला हरकत नाही, असे जाणत्यांचे म्हणणे. पौलाला ते तत्त्वतः मान्य आहे, पण ‘ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते’ असे सांगून तो चर्चेचा रोखच बदलतो. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात तो वाचकाला थेट पंगतीला बसवतो. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावले, तर पुढ्यात येईल ते चौकशी न करता खा. मात्र शेजारचा कोणी ‘हे वाहिलेले आहे’ म्हणाला, तर त्याच्यासाठी खाऊ नका. पान तेच, मांस तेच. बाजूच्या माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीमुळे निर्णय उलटला. मला यापेक्षा नेमका वस्तुपाठ माहीत नाही. ‘मला परवानगी आहे का?’ या प्रश्नाच्या जागी ‘यात माझ्या भावाचे काय होईल?’ हा प्रश्न येतो.

पारखेचा सोपा वाटणारा पर्याय म्हणजे शास्त्र कुठेही उघडून बोट पडेल ते वचन कौल म्हणून घेणे. ही सवय जुनी आहे. पुढे बिशप व मोठे ख्रिस्ती विचारवंत झालेले संत ऑगस्टीन यांच्या आयुष्यातले निर्णायक वळण ३८६ साली इटलीतल्या मिलानमधील बागेत असेच आले : ‘घे, वाच’ असा मुलाचा आवाज ऐकून त्यांनी पौलाची पत्रे उघडली आणि रोमकरांस पत्रातल्या तेराव्या अध्यायावर नजर पडली. तरीही ऐहिक कामांसाठी शुभवर्तमानाच्या पानांतून कौल काढण्याची प्रथा त्यांनी पुढे नापसंत केली. यात विसंगती नाही. बागेत वाचलेल्या ओळीने त्यांना भविष्य सांगितले नाही. जे करायला हवे हे आधीच कळत होते आणि करवत नव्हते, त्यापुढे तिने त्यांना उभे केले.

पारखेची सर्वांत बारकाईची मांडणी येशूसंघाचे (जेझुइट) संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांची. १५२१ मध्ये स्पेनमधील पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडून असताना त्यांनी शौर्यकथा मागितल्या. घरात होते ते ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे. पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मजा वाटे, पण नंतर मन कोरडे पडे. संतांसारखे जगण्याच्या विचाराने आलेला आनंद मागेही टिकून राही. या फरकाकडे लक्ष देण्यातूनच त्यांची आध्यात्मिक साधना उभी राहिली. तिच्या पुस्तकाला पोप तिसरे पॉल यांनी १५४८ मध्ये मान्यता दिली.

तिचा आरंभ ‘तत्त्व आणि पाया’ या छोट्या परिच्छेदाने होतो. माणूस देवाच्या स्तुतीसाठी व सेवेसाठी निर्माण झाला. बाकीच्या गोष्टी त्या हेतूला जितक्या उपयोगी तितक्याच घ्याव्यात, आड येतील तितक्या सोडाव्यात. म्हणून आरोग्य की आजार, श्रीमंती की गरिबी, मान की अपमान, यांत मन आधीच एका बाजूला झुकलेले नसावे. तराजूच्या मधल्या काट्यासारखे ते स्थिर हवे. लोक आधी लग्न किंवा पद ठरवतात आणि मग त्यात देवाची सेवा करू म्हणतात. इग्नेशियस यांच्या मते हा क्रमच उलटा आहे. एखादे पद आपल्या आधीच मनात भरले असेल, तर ‘देवाची इच्छा’ म्हणून आपण किती सहज आपलीच इच्छा पुढे करतो, हे ज्याने स्वतःला प्रामाणिकपणे पाहिले आहे त्याला पटेल.

पुढची पायरी व्यवहारी आहे. स्वीकारण्याचे लाभ-तोटे आणि नाकारण्याचे लाभ-तोटे वेगवेगळे तपासायचे. कधी न भेटलेला अनोळखी माणूस याच पेचात असता तर त्याला काय सांगितले असते, आणि मरणशय्येवर असताना कोणता निर्णय घेतलेला असावा असे वाटेल, याची कल्पना करायची. निर्णय झाल्यावर तो प्रार्थनेत देवापुढे ठेवायचा. मन उदास, कोरडे असताना मात्र आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. जे मुळातच वाईट आहे ते निवडीसाठी घ्यायचेच नाही, आणि विवाहासारखे न बदलणारे वचन दिले असेल तर नव्याने निवड नाही. तिथे आहे ते नीट जगायचे.

इतर परंपरांनी वेगळी वाट धरली. इंग्लंडमधले धर्मोपदेशक जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट मंडळ्यांना १७४३ पासून तीन साधे नियम होते : अपाय करू नका, भले करा, देवाने नेमलेली उपासनेची साधने पाळा. क्वेकर या प्रॉटेस्टंट परंपरेतून आलेल्या पंथाच्या सभांत मतदान होत नाही. सगळ्यांचा कौल एका दिशेला येतो आहे असे जाणवेपर्यंत शांततेत थांबतात.

कधी संपूर्ण मंडळीलाच मुळाशी जावे लागते. मे १९३४ मध्ये जर्मनीतील बार्मेन येथे जमलेल्या प्रॉटेस्टंट प्रतिनिधींनी सहा विधानांचे घोषणापत्र मंजूर केले. मसुद्यात स्विस धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांचा मोठा वाटा होता. नाझी राजवटीला धार्जिणे लोक मंडळीवर ताबा मिळवत असताना पहिलेच विधान म्हणते की येशू ख्रिस्त हाच देवाचा एकमेव शब्द, आणि जगताना व मरताना त्याचेच ऐकायचे. इतक्या मूलभूत वाक्याने सत्तेपुढे रेघ ओढली. पण ज्यूंच्या छळाबद्दल त्या घोषणापत्रात चकार शब्द नाही. बार्थ यांनी १९६७ मध्ये एका पत्रात ही आपली चूक असल्याचे कबूल केले.