पंचवीस मीटरची लाट, दोन मीटरच्या हौदात

1 जानेवारी 1995 रोजी उत्तर समुद्रात, नैसर्गिक वायूच्या कामासाठी खांबांवर उभारलेल्या नॉर्वेच्या ड्रॉप्नर या फलाटाखालून एक लाट गेली. फलाटावरचा लेसर पाण्याकडे रोखलेला असल्यामुळे तिची उंची नोंदली गेली. खळग्यापासून माथ्यापर्यंत 25.6 मीटर! त्या वादळातल्या इतर मोठ्या लाटा सरासरी 12 मीटरच्या होत्या. खलाशी अशा लाटांबद्दल पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते आणि त्या गप्पांतच जमा होत होत्या. आता मात्र यंत्राने मोजलेला आकडा समोर होता.

समुद्रात ती पुन्हा कधी येईल याची वाट कोण बघणार? म्हणून ऑक्सफर्ड आणि एडिंबरा विद्यापीठांतल्या संशोधकांनी ती हौदात उठवायचं ठरवलं. एडिंबराचा फ्लोवेव्ह हौद गोल आहे. व्यास 25 मीटर, खोली 2 मीटर आणि काठाला ओळीने 168 पॅडल. ही पॅडल लाट ढकलतात, तशीच समोरून आलेली लाट जिरवूनही टाकतात. नाहीतर काठावरून परतलेल्या लाटांनी सगळा प्रयोग गढूळ केला असता.

ड्रॉप्नरपाशी समुद्र सुमारे 70 मीटर खोल आहे, म्हणून प्रमाण घेतलं 1:35. पण गुरुत्वाकर्षण काही 35 पट कमी करता येत नाही. त्यामुळे लांबी 35 पट घटवली की वेळ 35च्या वर्गमुळाने, म्हणजे जवळजवळ सहापट घटवावा लागतो. समुद्रात 12 सेकंद घेणारी लाट हौदात दोन सेकंदांत उरकते. हे गणित विल्यम फ्रूडचं. 1872 मध्ये त्याने इंग्लंडमध्ये टॉर्की इथे जहाजांच्या नमुन्यांसाठी टाकी बांधली होती. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात बंदरांचे लाटरोधक बांध तपासतात, तेही याच हिशेबाने.

खोल पाण्यात लांब लाटा आखूड लाटांपेक्षा वेगाने धावतात. मग आखूड लाटा आधी सोडायच्या, लांब मागाहून. पॅसेंजर आधी आणि एक्सप्रेस नंतर सोडावी तसं. ठरल्या जागी, ठरल्या क्षणी सगळ्यांचे माथे एकावर एक येतात.

अडचण पुढेच होती. एकाच दिशेने आलेली लाट फार चढी झाली की माथा पुढे कोसळतो आणि उंची तिथेच खुंटते. ड्रॉप्नरचा आकडा काही केल्या गाठता येईना. मग लाटांचे दोन जथे एकमेकांना छेद देत सोडले. त्यांच्या दिशांत 120 अंशांचा कोन ठेवला, तेव्हा फुटण्याची रीतच बदलली. पाणी पुढे कोसळण्याऐवजी सरळ वर उसळलं आणि फुटूनही उंची अडली नाही. हौदातली लाट पाऊण मीटरच्या जवळपास, म्हणजे मूळ लाटेइतकीच, भरली. 2019 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याआधी, 2011 मध्ये, मूळ नोंदीच्या अभ्यासातूनही छेदणाऱ्या लाटांचा संशय व्यक्त झाला होता. एका दिशेने जाणाऱ्या मोठ्या लाटांच्या जथ्याखाली पाण्याची सरासरी पातळी किंचित खचते. ड्रॉप्नरला ती उलट वर आली होती. माझ्या मते हा धागा जास्त पक्का, कारण तो खुद्द समुद्रातून आलेला आहे. हौदात वादळी वारा नव्हता आणि पाण्याचे बुडबुडे व पृष्ठताण 1:35 च्या प्रमाणात लहान होत नाहीत. त्यामुळे लाटेची उंची आणि आकार यांबाबत हौदावर भरवसा ठेवावा, फेसाबाबत नको.