छतावरच्या रेषा आणि मर्केटरचा ‘कट’

व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून जगाचा एक नकाशा फिरत येतो, सोळाव्या शतकातल्या मर्केटर या नकाशाकाराच्या पद्धतीने काढलेला. त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या सुमारे चौदापट आहे, तेव्हा हा नकाशा म्हणजे आपल्याला छोटं दाखवायचा गोऱ्यांचा कट, असं खाली लिहिलेलं असतं. आकडे बरोबर आहेत, कट मात्र नाही. हे पटवून घ्यायचं तर अ‍ॅमस्टरडॅमच्या सागरी संग्रहालयाच्या अंगणात जाऊन मान वर करावी.

ही इमारत १६५६ची, डच नौदलाचं कोठार म्हणून बांधलेली. बाहेर धक्क्याला ‘अ‍ॅमस्टरडॅम’ या व्यापारी जहाजाची प्रतिकृती उभी आहे (मूळ जहाज १७४९ साली पहिल्याच सफरीत इंग्लंडच्या किनाऱ्यावर रुतलं). बहुतेक पर्यटक तिकडेच धावतात. मी अंगणात रेंगाळलो, कारण नूतनीकरणानंतर २०११ साली संग्रहालय पुन्हा उघडलं तेव्हापासून या अंगणावर काचेचं छत आहे आणि त्याच्या पोलादी पट्ट्यांची जाळी जुन्या सागरी नकाशांवरच्या दिशारेषांवरून बेतलेली आहे.

या रेषा कशासाठी? भर समुद्रात दर्यावर्द्याच्या हाती होकायंत्र. सर्वांत सोपं काम म्हणजे सुई आणि जहाजाचा रोख यांतला कोन बदलू न देणं. (सुई चुंबकीय उत्तर दाखवते, खरी उत्तर नव्हे, म्हणून खलाशी तेवढी दुरुस्ती करत. मोबाइलवर होकायंत्र उघडून घराची ‘ऊर्जा’ मोजणारे वास्तुतज्ज्ञ ती करतात का, कुणास ठाऊक.) अशी वाट प्रत्येक रेखावृत्ताला सारख्याच कोनात छेदते. पण रेखावृत्तं ध्रुवाकडे एकवटत जातात. त्यामुळे ईशान्येचा रोख धरून चालतच राहिलं, तर पृथ्वीगोलावर ध्रुवाभोवती मळसूत्र तयार होतं. पोर्तुगालचा गणिती पेद्रो नुनेश याने १५३७ साली या वाटेचा विचार मांडला. पुढे १६२४ साली तिच्यावर लिहिणारा नेदरलँड्समधल्या लायडनचा स्नेलियस म्हणजे प्रकाशाच्या अपवर्तनाच्या नियमातला आपला ओळखीचा स्नेल.

आता हे मळसूत्र कागदावर पट्टीने आखता येईल असं सरळ करायचं आहे. मर्केटरने १५६९ साली ते केलं. आधी रेखावृत्तं समांतर उभी केली. ६० अंशांवरचं अक्षवृत्त विषुववृत्ताच्या निम्म्या लांबीचं असतं; नकाशावर ते विषुववृत्ताएवढंच काढलं, म्हणजे पूर्व-पश्चिम दुप्पट ताणलं गेलं. एवढ्यावर थांबलो तर कोन बिघडतो, ईशान्येला निघालेलं जहाज कागदावर ईशान्येला जातच नाही. म्हणून तिथे उत्तर-दक्षिणही दुप्पटच ताणायचं. कोन वाचला, क्षेत्रफळ चौपट झालं. ग्रीनलंड फुगलं ते इथे.

ताण प्रत्येक अक्षांशावर वेगळा, १ भागिले कोसाइन इतका. मग ६०चं अक्षवृत्त नकाशावर नेमकं कुठे काढायचं? विषुववृत्तापासूनच्या बारीक बारीक पट्ट्यांचा ताण बेरजेत धरत जायचं. इंग्रज गणिती एडवर्ड राइटने १५९९ साली असे तक्ते छापले. आज आपण या ताणाचं, म्हणजे सेकंटचं, संकलन करतो, उत्तर (रेडियनमध्ये) येतं नैसर्गिक लॉग टॅन (४५ अंश अधिक अक्षांशाचा अर्धा). ६० घालून पाहा: ते अक्षवृत्त विषुववृत्तावरच्या सुमारे साडेपंचाहत्तर अंशांइतकं दूर जातं. ध्रुव तर अनंतावर, तो कागदावर मावतच नाही.

हाच हिशेब घरच्या मापाने: महाराष्ट्र नेदरलँड्सच्या सातपटींहून मोठा. मर्केटरच्या नकाशावर जेमतेम तिप्पट दिसतो. शाळेच्या भिंतीवर देशांचे आकार दाखवायला हा नकाशा वाईटच, पण तो भिंतीसाठी केलेला नव्हता. फोनवरच्या नकाशांनाही बरीच वर्षं याच प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवायच्या पद्धतीचा, एक प्रकार लागतो, कारण चौकातला काटकोन काटकोनच दिसायला हवा.

मात्र एकच रोख धरणारी ही दिशारेषा सहसा सर्वांत जवळची वाट नसते आणि तिच्यावर आपण कुठवर आलो, तेही ती सांगत नाही. वेंगुर्ल्यात जिची पडकी वखार अजून आहे, त्या डच ईस्ट इंडिया कंपनीला हे महागात पडलं. तिची जहाजं आफ्रिकेच्या टोकाखालून जोरदार पश्चिमी वाऱ्यांवर पूर्वेला सुटत आणि मग जावासाठी उत्तरेला वळत. कधी वळायचं, हे रेखांशावर ठरणार, आणि समुद्रात रेखांश मोजायची खात्रीची पद्धत तेव्हा नव्हती. १६२९ साली कंपनीचं ‘बटाव्हिया’ हे जहाज नको तितकं पूर्वेला गेलं आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाजवळच्या प्रवाळ खडकांवर आदळलं.