घरचा सर्व्हर रात्री घरघरतोय? पंखा बदलण्याआधी हे वाचा

जुना डेस्कटॉप भंगारात न देता त्यात दोन मोठ्या हार्ड डिस्क घालून घरचा सर्व्हर केलेले बरेच ग्राहक आमच्याकडे येतात. फोटो, सिनेमे, सोसायटीचे हिशेब, सगळं त्यावर. मशीन चोवीस तास चालू आणि घर वन रूम किचन. दिवसा मिक्सर आणि रस्त्याच्या गोंगाटात काही जाणवत नाही. रात्री दिवे मालवले की टीव्हीच्या कपाटामागून घरघर सुरू. मग दुसऱ्या दिवशी काउंटरवर मागणी येते, "एक सायलेंट फॅन टाकून द्या."

टाकून देऊ. पण बहुतेक वेळा दोष पंख्याचा नसतोच. प्रोसेसर तापतो म्हणून मदरबोर्ड पंख्याला पळवतो. तापतो का, हे न बघता पंखा बदलला तर नवाही तसाच पळेल.

आपल्याकडची धूळ कोरडी नसते. दमट हवा, फोडणीची वाफ आणि देवघरातला उदबत्तीचा धूर मिळून तिचा चिकट थर होतो. कॅबिनेट उघडल्यावर पंखा वरून स्वच्छ दिसतो आणि लोक झाकण लावून टाकतात. खरी घाण त्याच्या खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांच्या तोंडावर, गोधडीच्या तुकड्यासारखी बसलेली असते. पंखा हीटसिंकवरून सोडवल्याशिवाय ती दिसत नाही. मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि मऊ ब्रश व ब्लोअरने ती काढा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. हे काम गॅलरीत करणार असाल तर खालच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडे आधी बघून घ्या.

पाच-सात वर्षांची मशीन असेल तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली, उष्णता पुढे पोचवणारी थर्मल पेस्टही वाळून चुन्यासारखी झालेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पुसून मध्यभागी वाटाण्याएवढी नवी लावायची. जास्त लावून फायदा नाही.

इंटेलच्या कंपनी-कूलरला (प्रोसेसरसोबत येणाऱ्या हीटसिंक-पंख्याच्या जोडीला) चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात. काढताना प्रत्येक खुंटी बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून वर ओढायची. बसवताना मात्र आधी ती उलट फिरवून मूळ जागी आणायची आणि मग समोरासमोरच्या दोन-दोन एकदम दाबायच्या. टक् असा आवाज आला पाहिजे. घरी बसवून आणलेल्या मशीनमध्ये हमखास एक खुंटी अर्धवट असते, कूलर एका कोपऱ्यात किंचित उचललेला राहतो आणि पंखा आधीपेक्षा जोरात ओरडतो. एएमडीच्या जुन्या प्रोसेसरची गंमत वेगळी. तिथे कूलर सरळ वर ओढला तर चिकटलेला प्रोसेसरही सॉकेटमधून, म्हणजे बोर्डावरच्या त्याच्या खाचेतून, उपटून येतो. आधी दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवा, बंद करून वायर काढा, मग कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. आमच्याच माणसाने एकदा घाई केली होती. वाकलेल्या पिना सुईने सरळ करण्यात अख्खी दुपार गेली.

एवढं झाल्यावर बायोस, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग. जुन्या बोर्डांवर तापमानानुसार पंख्याचा वेग ठरवणारी, स्मार्ट फॅन किंवा क्यू-फॅन या नावाची सेटिंग बऱ्याचदा बंदच असते आणि पंखा कारण नसताना पूर्ण वेगाने फिरतो. तिथेच वेग कसा बदलायचा याचे दोन पर्याय असतात: चार पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर (वेगळ्या वायरीतून येणाऱ्या इशाऱ्यावर) ठेवा, तीन पिनांचा व्होल्टेजवर. तीन पिनांचा पंखा पीडब्ल्यूएमवर ठेवला तर त्याचा वेग कमीच होत नाही. वेग निम्मा झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, म्हणजे २८०० फेऱ्यांवरून १४०० वर आलात तर फरक झोपेत कळेल. पण वाराही निम्माच होतो, म्हणून सफाई आधी. मे महिन्यात खोलीच ३४ अंशांवर असते आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही, तेव्हा थंड देशातल्या कुणाचा ३० अंशांचा आकडा बघून हळहळू नका. कामाच्या वेळी ७० पर्यंत गेला तरी चालतं.

वेग फार खाली आणलात तर एक अडचण येते. बोर्डाला पंखा बंद पडल्यासारखा वाटतो आणि सुरू होताना 'सीपीयू फॅन एरर' दाखवून तो एफ-१ दाबण्याची वाट बघत बसतो. तुमच्या सर्व्हरला ना मॉनिटर ना कीबोर्ड. लाइट जाऊन आली की मशीन मुकाट बसून राहील आणि तुम्ही वायफायला शिव्या द्याल. बायोसमधली किमान वेगाची मर्यादा खाली आणा, पण ती तपासणी साफ बंद करू नका.

आवाज रोज रात्री ठरावीक वेळीच वाढत असेल तर बॅकअप किंवा फोटोंची छाननी त्या वेळेला लावलेली आहे का ते बघा आणि ती दुपारी ढकला. यात एक रुपयाही लागत नाही.

नवा पंखा खरंच कधी? गार मशीन सुरू करताना खरखर येते आणि थोड्या वेळाने थांबते, किंवा पातं डुगडुगतं, तेव्हा. स्टिकरखाली शिवणयंत्राचं तेल सोडणारे आहेत, आम्हीही सोडतो, पण त्यावर काही आठवड्यांपलीकडे भरवसा ठेवू नका. लॅमिंग्टन रोडवरून स्वतः कूलर आणलात तरी बसवून देऊ. फक्त घेण्याआधी सॉकेट बघा. इंटेलच्या ७७५ नंबरच्या सॉकेटमध्ये कूलर बसवायच्या भोकांमधलं अंतर ७२ मिलिमीटर असतं, ११५५ आणि ११५० मध्ये ७५. तीन मिलिमीटरवर लोक दोनदा फेऱ्या मारतात.

आवाज पॉवर सप्लायमधून येत असेल तर तो डबा घरी उघडू नका, वायर काढल्यावरही आत करंट साठलेला असतो.

मशीन आणताना रात्रीचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून आणा, आमच्या दुकानात दिवसा काहीच ऐकू येत नाही. डेटाचा बॅकअप घेऊन ठेवा. पासवर्ड सांगू नका, आमचं काम बायोसपर्यंतच असतं.