ऑफ-साइट बॅकअप साठवण

ऑफ-साइट बॅकअप म्हणजे मूळ डेटा ज्या जागी आहे तिथून दूर, दुसऱ्या इमारतीत आणि शक्यतो दुसऱ्या शहरात ठेवलेली त्याची प्रत. हार्ड डिस्क बिघडली तर टेबलावरच्या दुसऱ्या डिस्कवरून काम भागते. पण आग, पूर किंवा चोरी झाली की टेबलावरचे सगळे एकदमच जाते. दूरची प्रत त्या दिवसासाठी असते. ती क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या जागेत, दुसऱ्या कार्यालयातल्या सर्व्हरवर, नाहीतर विश्वासातल्या माणसाच्या कपाटातल्या डिस्कवरही असू शकते.

दोन गोष्टींची तिच्याशी नेहमी गल्लत होते. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून डेटा सांभाळण्याची पद्धत. तिच्या बहुतेक प्रकारांत एक डिस्क मेली तरी काम चालू राहते, पण चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून त्याच क्षणी पुसली जाते. फोल्डर सिंक करणाऱ्या, म्हणजे सगळ्या संगणकांवर एकसारखे ठेवणाऱ्या सेवांचेही तसेच: एका संगणकावर झालेली चूक त्या इमानेइतबारे बाकीच्या संगणकांवर पोहोचवतात. त्यातल्या काही सेवा जुन्या आवृत्त्या थोडे दिवस ठेवतात, तेवढाच आधार.

अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम आजही पायाभूत मानला जातो: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. यातली ‘दुसरी जागा’ किती दुसरी असावी, हे १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबुर्गमध्ये दिसले. फ्रान्समधल्या ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक इमारत पूर्ण जळाली आणि शेजारच्या इमारतीचा काही भाग गेला. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, त्यांच्यापैकी अनेकांचा मूळ डेटा आणि प्रत दोन्ही एकाच रात्री गेले. त्यामुळे सेवा घेताना प्रत नेमकी कोणत्या शहरात राहील, हे आधी विचारावे. मूळ सर्व्हर आणि बॅकअप शक्यतो एकाच कंपनीकडे, निदान एकाच खात्यात तरी ठेवू नयेत. खाते गोठले किंवा पासवर्ड चोरीला गेला तर अंतराचा काही उपयोग होत नाही.

बहुतेक जण फसतात ते दरात. जाहिरातीत असतो तो दर टीबीमागे (सुमारे हजार जीबीमागे) महिन्याचे भाडे, आणि तो फक्त ठेवण्याचा असतो. डेटा बाहेर काढण्याचे शुल्क, फाइल वाचण्या-लिहिण्याच्या विनंत्यांचे शुल्क आणि किमान मुदतीची अट या तीन ठिकाणी खरा हिशेब लपलेला असतो. ‘थंड’ साठवणीचे, म्हणजे क्वचितच लागणाऱ्या डेटासाठीच्या स्वस्त साठवणीचे उदाहरण घ्या. ॲमेझॉनने २०१२ मध्ये ग्लेशियर सेवा सुरू केली. तिच्यातल्या डीप आर्काइव्ह या सर्वांत स्वस्त प्रकारात डेटा किमान १८० दिवस ठेवल्याचे पैसे द्यावेच लागतात, आणि तो परत मागितल्यावर हाती यायला साधारण १२ तास, स्वस्तातल्या पर्यायात ४८ तासांपर्यंत लागू शकतात. वर्षानुवर्षे न बदलणाऱ्या जुन्या छायाचित्रांना हे चालेल. पण रोज बॅकअप घेऊन जुने तुकडे रोज पुसणाऱ्या सॉफ्टवेअरला तीच सेवा महाग पडते, कारण पुसून टाकलेल्या डेटाचेही भाडे चालूच राहते. म्हणून दोन आकडे काढावेत: वर्षभर ठेवायला किती, आणि सगळा डेटा एकदा परत आणायला किती. दुसरा आकडा न काढता घेतलेली स्वस्त सेवा मला तरी स्वस्त वाटत नाही.

‘अमर्याद जागा’ असे सांगणाऱ्या योजनांवर दीर्घकाळ विसंबू नये. क्रॅशप्लॅन या बॅकअप सेवेने घरगुती ग्राहकांसाठीची सेवा बंद करत असल्याचे २०१७ मध्ये जाहीर केले आणि २०१८ मध्ये ती थांबवली. अनेक ग्राहकांना प्रती दुसरीकडे नव्याने चढवाव्या लागल्या. एसएफटीपी (फाइल सुरक्षितपणे पाठवण्याची सर्वमान्य पद्धत) किंवा एस३ (ॲमेझॉनची साठवण सेवा, जिची पद्धत इतर कंपन्याही वापरतात) यांच्याशी जुळणारी सेवा असेल, तर कंपनी सोडून जाणे सोपे जाते.

अशा स्थलांतराला वेळ किती लागतो, हे मोजून पाहावे. सेकंदाला १० मेगाबिट अपलोड वेग असेल तर १ टीबी चढायला सव्वानऊ दिवस लागतात. १०० मेगाबिट असेल तर सुमारे २२ तास. पहिल्या प्रतीनंतर मात्र बोर्ग किंवा रेस्टिकसारखी बॅकअप घेणारी साधने फक्त बदललेले तुकडेच पाठवतात. डेटा थोडा असेल तर याहून साधा मार्ग आहे: दोन डिस्क घ्याव्यात, एक इथे, एक दुसरीकडे, आणि महिन्याला अदलाबदल करावी. दोन्ही डिस्क मूळ डेटाच्या छपराखाली एकाच वेळी कधीही येऊ द्यायच्या नाहीत, अदलाबदलीच्या दिवशीसुद्धा.

विश्वासार्हतेच्या बाबतीत मोठ्या कंपन्या ‘अकरा नऊ’ म्हणजे ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणाचा आकडा देतात. तो डिस्क बिघडून डेटा जाण्यापुरता आहे. रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) शिरलेल्या संगणकावर बॅकअपचा पासवर्ड असेल, तर हल्लेखोर त्याच पासवर्डने दूरची प्रतही पुसतो आणि कंपनीच्या दृष्टीने ती ग्राहकाचीच आज्ञा असते. यावर उपाय म्हणजे ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही न पुसता येणारी साठवण, किंवा संगणकाला फक्त भर घालण्याचा अधिकार देणे. डेटा पाठवण्याआधी आपल्याकडेच एन्क्रिप्ट करावा, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा करावा. किल्ली हरवली तर मात्र कंपनीसुद्धा काही करू शकत नाही, म्हणून ती कागदावर छापून संगणकापासून वेगळी ठेवावी.

प्रोग्रामचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या गिटलॅब कंपनीने आपल्याकडची ३१ जानेवारी २०१७ ची घटना स्वतःच तपशीलवार जाहीर केली, आणि या विषयात तिच्याइतके शिकवणारे दुसरे उदाहरण क्वचितच असेल. रात्री काम करणाऱ्या अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीपैकी साडेचार जीबीच उरले होते. दूरच्या साठवणीत पाहिले तर तिथे बॅकअपच नव्हता: बॅकअप घेणारे साधन जुन्या आवृत्तीचे असल्याने रोज अपयशी ठरत होते, आणि तसे कळवणारे ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता. योगायोगाने कोणीतरी सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत होती, तिच्यावरून सेवा उभी राहिली.

त्यामुळे ‘बॅकअप यशस्वी’ हा संदेश आला नाही तर ओरडणारी व्यवस्था हवी. अपयशाच्या संदेशाची वाट पाहून चालत नाही. दर तीन महिन्यांनी एक फोल्डर दुसऱ्याच संगणकावर, कागदावरची किल्ली हातात घेऊन, परत उतरवावे. त्यातली चार-पाच छायाचित्रे आणि एखादी हिशेबाची फाइल उघडून पाहावी, आणि सगळ्याला लागलेला वेळ त्याच कागदावर लिहून ठेवावा.