व्यापारचिन्ह वाद : प्रसाधन आयातदार आणि विदेशी उत्पादक

क्रीम, लिपस्टिक, शांपू, अत्तर अशा परदेशी प्रसाधनावरील नाव भारतात कोणाचे, यावरून आयातदार आणि मूळ उत्पादक यांच्यात होणारा वाद. कोकण किनाऱ्यावर तो बहुधा उरण तालुक्यातील न्हावा-शेवा बंदरात उघडकीला येतो. कंटेनर उतरतो, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे घोषणापत्र) दाखल होते आणि माल कस्टम्समध्ये अडकतो.

मूळ बहुतेकदा एकच. धंदा सुरू होताना उत्पादक भारतात नोंदणी करत नाही. आयातदार ‘नावाचे रक्षण’ म्हणून वर्ग ३ (प्रसाधनांचा नोंदणी वर्ग) मध्ये स्वतःच्या नावे अर्ज करतो. पाच-सात वर्षांनी वितरक बदलतो आणि जुना आयातदार नव्याचा माल अडवतो. केवळ देवनागरी रूप किंवा बाटलीची आकृती नोंदवलेली असली, तरी पुढचा तिढा तसाच राहतो.

१९९९च्या व्यापारचिन्ह अधिनियमातील कलम १४६ याच प्रसंगासाठी आहे. एजंटाने (उदा. आयातदाराने) परवानगीविना चिन्ह नोंदवले, तर मालकाला विरोध करता येतो, नोंदणी रद्द करून घेता येते किंवा ती स्वतःच्या नावे वळवून घेता येते. मात्र हे कृत्य कळल्यापासून ३ वर्षांत हालचाल करावी लागते. शिवाय कलमाची भाषा ‘नोंदणीकृत’ चिन्हाच्या मालकाविषयी आहे. त्यामुळे भारतात नोंदणी नसलेल्या उत्पादकाने केवळ त्यावर विसंबणे धोक्याचे. कलम ११(१०) मधील वाईट हेतूचा मुद्दा आणि आधीच्या वापराचा पुरावा सोबत जोडावाच. अर्ज व्यापारचिन्ह जर्नलमध्ये (नोंदणी कार्यालयाच्या अधिकृत प्रकाशनात) छापून आल्यावर विरोधाला ४ महिने मिळतात. ही मुदत हुकली की रद्द करण्याचा लांबचा रस्ता उरतो, म्हणून जर्नलवर लक्ष ठेवणे सर्वांत स्वस्त पडते.

जगभर नाव गाजलेले असणे पुरेसे नाही. टोयोटाच्या ‘प्रियस’ या मोटारनावाच्या प्रकरणात (२०१७) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, प्रतिवादीने (ज्याच्यावर दावा आहे त्याने) नाव स्वीकारले तेव्हा त्या चिन्हाची ख्याती भारतीय बाजारात पोहोचलेली होती, हे दाखवावे लागते. इन्व्हॉइस, जाहिराती, भारतातील ग्राहकांच्या ऑर्डरी यांच्या तारखाच येथे निर्णायक ठरतात.

प्रसाधनांच्या धंद्यात एक गैरसमज फार महागात पडतो. प्रसाधने नियम २०२० अन्वये मिळणारे कॉस-२ आयात-नोंदणी प्रमाणपत्र औषध नियंत्रण यंत्रणा देते. त्यातून चिन्हावर कोणताही हक्क मिळत नाही. उलट, केवळ चिन्ह नोंदवले म्हणून माल आणता येत नाही. या दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि वितरणाचा करार संपताना दोन्हींचा निपटारा करावा लागतो.

बंदरावरची कारवाई बौद्धिक संपदा हक्क (आयात माल) अंमलबजावणी नियम, २००७ नुसार होते. हक्कधारक कस्टम्सकडे चिन्ह नोंदवतो, बंधपत्र व सुरक्षा ठेव देतो. माल थांबल्यावर १० कामकाजी दिवसांत तो कार्यवाहीत सामील झाला नाही, तर इतर अडचण नसल्यास माल सुटतो. ही मुदत आणखी १० कामकाजी दिवस वाढू शकते. तोवर सीएफएसचे (कंटेनर ठेवण्याच्या गोदामाचे) भाडे आणि डेमरेज (माल वेळेत न उचलल्याचा आकार) चढतच राहते, म्हणून किरकोळ आयातदार बरेचदा बाजू भक्कम असूनही तडजोड करतो.

माल अस्सल असेल, पण अधिकृत वितरकाबाहेरून आला असेल, तर ती समांतर आयात. सॅमसंग प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये ती मान्य केली. तरी कलम ३०(४) नुसार मालाची स्थिती बदलली किंवा बिघडली असल्यास मालक हरकत घेऊ शकतो. बॅच क्रमांक खरवडणे, खोके बदलणे हे मुद्दे नेहमी निघतात. उरण-पनवेलच्या दमट गोदामात उन्हाळ्यात क्रीम फाटते, लिपस्टिकला घाम सुटतो. तापमानाची नोंद नसलेला आयातदार तेथे हरतो.

करारात चिन्ह, त्याची लिप्यंतरे आणि डोमेन नाव उत्पादकाचे असल्याचे स्पष्ट लिहावे. शिल्लक माल विकण्याची मुदतही घालावी. जिल्हा न्यायालय अलिबाग, रत्नागिरी की ओरोस, हेही ठरवून ठेवावे. मात्र करारातील कलमाने मुळात अधिकारच नसलेल्या न्यायालयाला अधिकार मिळत नाही.