लक्समीटर की एक्स्पोजर मीटर? घरातल्या फोटोंसाठी काय घ्यावं

गेल्या गणपतीच्या आधी भाच्याने एक 'लाइट मीटर' मागवला. माटवीखालचा गणपती आणि माजघरात राबणारी माणसं त्याला फिल्मवर टिपायची होती आणि जुन्या कॅमेऱ्यातलं मीटर कधीच बंद पडलेलं. खोकं उघडून त्याने विचारलं, "मामा, ह्येच्यात एफ नंबर खंय दिसता?"

एफ नंबर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडायचं तो आकडा, दिसणार नव्हता, कारण तो लक्समीटर होता. बाजारात दोन्ही वस्तू 'लाइट मीटर' म्हणूनच विकल्या जातात आणि लक्समीटर बराच स्वस्त असतो, त्यामुळे ही गल्लत फार जणांची होते. घेण्यापूर्वी एकच बघा: त्यावर आयएसओ (फिल्म उजेडाला किती संवेदनशील तो आकडा) आणि शटर स्पीड लावायची सोय आहे का? असेल तर तो फोटोग्राफीचा एक्स्पोजर मीटर. नुसता लक्सचा, म्हणजे पडणाऱ्या उजेडाच्या मापाचा, आकडा येत असेल, तर तो वर्गात किंवा कारखान्यात कामापुरता उजेड आहे का हे तपासणाऱ्यांसाठीचा.

पण म्हणून तो परत पाठवायची गरज नाही. पडणारा उजेड दोघेही मोजतात. एक्स्पोजर मीटर पुढचा हिशेब करून देतो, लक्समीटरवर तो आपण करायचा. उजेडाच्या पायऱ्या ईव्ही, म्हणजे एक्स्पोजर व्हॅल्यू, मध्ये मोजतात. आयएसओ १०० ला २.५ लक्स म्हणजे ईव्ही ०. लक्स दुप्पट झाले की ईव्ही एकाने वाढतो: ५, १०, २०, ४०, ८०. म्हणजे ८० लक्सला ईव्ही ५. आयएसओ ४०० ची फिल्म दोन पायऱ्या जास्त संवेदनशील, म्हणून ती असेल तर तेवढ्या उजेडात एफ २.८ आणि १/१५ सेकंद. हा तक्ता चिठ्ठीवर लिहून मीटरच्या पाठीला चिकटवला, की अडत नाही.

खरी अडचण हिशेबाची नाही, चकतीची आहे. लक्समीटरची उजेड टिपणारी पांढरी चकती बहुधा चपटी असते. समोरून येणारा उजेड ती पूर्ण धरते, ६० अंशांतून आलेला निम्मा आणि अगदी बाजूने आलेला जवळजवळ नाहीच. एक्स्पोजर मीटरवर अर्धगोल घुमट असतो. बाजूने उजेड आला तरी त्याची अर्धी बाजू उजळते आणि ती मोजली जाते. माणसाचा चेहराही गोलच असतो, म्हणून घुमट चेहऱ्यासाठी बरोबर बसतो.

आमच्यासारख्या कौलारू घरात हा फरक फार जाणवतो. माजघराला एकच लहान खिडकी, जाड चिऱ्याच्या भिंती, सारवलेली काळपट जमीन. उजेड येतो तो एका अंगाने. खिडकीशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसलेल्या आजीच्या गालाशी चपटी चकती कॅमेऱ्याकडे तोंड करून धरली, तर खिडकीचा उजेड तिच्यावरून नुसता घासून जातो. आकडा कमी येतो, आपण एक्स्पोजर वाढवतो आणि उजळ गाल पांढराफटक पडतो. यावर उपाय आहे. एकदा चकती खिडकीकडे करून मोजा, एकदा कॅमेऱ्याकडे, आणि दोन्ही ईव्हींची सरासरी घ्या. खिडकीकडे ३२० लक्स म्हणजे ईव्ही ७, कॅमेऱ्याकडे २० लक्स म्हणजे ईव्ही ३. मग ईव्ही ५ धरा. भाच्याने असेच फोटो काढले आणि आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्यासुद्धा शाबूत आल्या.

अंधाऱ्या जागी तर स्वस्त लक्समीटर कधीकधी सरस ठरतो. सेकोनिकचा काट्याचा एल-२०८ मीटर ईव्ही ३ च्या खाली, म्हणजे साधारण २० लक्सच्या खाली मोजत नाही. पावसाळ्यात दार लोटलेल्या देवघरात, समईच्या उजेडात, तेवढेही लक्स नसतात. त्याच कंपनीचा एल-३०८ ईव्ही ० पर्यंत उतरतो, पण तो महाग. साध्या डिजिटल लक्समीटरवर मात्र ५ लक्सही वाचता येतात.

फ्लॅश वापरणार असाल तर लक्समीटरचा विचारच सोडा. क्षणात विझणारा झोत त्याच्या हाती लागत नाही. एल-२०८ सुद्धा फ्लॅश मोजत नाही, एल-३०८ मोजतो.

जुने, बॅटरीशिवाय चालणारे सेलेनियमचे मीटर स्वस्तात मिळतात आणि दिसायला फार देखणे असतात. मी मात्र किनारपट्टीवर राहणाऱ्याला ते घ्यायला सांगणार नाही. दमट हवेने सेलेनियमचा सेल उतरतो, काटा हलत राहतो पण खोटं सांगतो. शिवाय कमी उजेडात ते मुळातच कच्चे.

तेव्हा स्थिर दिव्यात किंवा खिडकीच्या उजेडात घरच्यांचे फोटो काढायचे असतील आणि दोनदा मोजायचा कंटाळा नसेल, तर लक्समीटर बिनधास्त घ्या. लग्नकार्यात फ्लॅश लावून काम करणार असाल तर थोडे थांबून पैसे साठवा आणि घुमटाचा, फ्लॅश मोजणाराच घ्या. कोणताही घेतलात तरी मिरग लागायच्या आधी त्यातली बॅटरी काढा, मीटर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि बॅटरी लागेल तेव्हाच घाला.